डॉक्टर येईपर्यंतची एक घटका

(दिंडीच्या शतकमहोत्सवात, ज्येष्ठ शुद्ध एकादशीला मंदिराच्या सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलले तसेच उतरवून घेतले आहे.)

मला कीर्तनाला उभं केलं असतं तर सोपं गेलं असतं. वीणा गळ्यात आली, मागं टाळ वाजला की तोंड आपोआप उघडतं. आज भाषण करा म्हणाले. म्हणून आज अभंग लावणार नाही, चाल म्हणणार नाही. कामाचं बोलतो.

शंभर वर्षांचं कौतुक सकाळपासून झालं. पहिली दिंडी कोणी काढली, बैलगाडीत पिठाची पोती कशी नेत, दुष्काळातही वारी कशी चुकली नाही, सगळं ऐकलं. ऐकून ऊर भरला. पण आपल्या म्हाताऱ्या माणसांनी आणखी एक गोष्ट सांगितलेली मला आठवते. पूर्वी वारीला निघताना माणूस घरच्यांच्या पाया पडून, देणं-घेणं सांगून निघायचा. कारण पटकी. वाटेत पटकीची साथ लागली की सकाळी टाळ वाजवणारा माणूस संध्याकाळी नसायचा. गावोगावच्या शिवेवर मरीआई बसली आहे ती काही उगीच नाही. तेव्हा डॉक्टर नव्हता, गाडी नव्हती, फोन नव्हता. आज सगळं आहे. तरी आजही एक घटका अशी येते की काहीच नसतं. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. कधी एक, कधी दोन, डोंगरात तीनसुद्धा. त्या घटकेबद्दल मला बोलायचं आहे.

कोणी म्हणेल, बुवा, आता वारीत पावलापावलावर दवाखाना आहे. खरं आहे. माऊलींच्या आणि तुकोबारायांच्या पालखीच्या वाटेवर सरकारची आरोग्य पथकं असतात, फिरते दवाखाने असतात, दुचाकीवरचे आरोग्यदूत असतात. 2014 पासून 108 ची गाडी आहे, तिच्यात डॉक्टर असतो. त्यांना माझा दंडवत. पण आपली वाट ती नाही. आपण बालाघाट उतरून बार्शी, कुर्डुवाडी करत जातो. दोन-अडीचशे माणूस. आपल्यासाठी कोणी तंबू ठोकून बसलेलं नसतं. घाटात फोनला रेंज नाही. आणि वाखरीच्या पुढं, जिथं सगळं असतं, तिथं गर्दी एवढी की गाडी समोर दिसते पण माणसापर्यंत पोचत नाही. म्हणजे घटका आलीच.

काही वर्षांमागची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, घरची माणसं समोर बसली असतील. रोहिणी कोरड्या गेल्या होत्या, मृगाचा थेंब नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारच्या चालीत आपले एक टाळकरी, साठीच्या पुढचे, मध्येच उलटसुलट बोलायला लागले. टाळ भलतीकडेच पडायला लागला. शेजारचे म्हणाले, नाना रंगात आले. थोड्या वेळानं नाना खाली बसले ते आडवेच झाले. अंग तव्यासारखं तापलेलं. भोवती शंभर माणसांचा गराडा. कोणी तोंडात पाणी घातलं, कोणी तुळशीचं पान घातलं, कोणी चप्पल हुंगवली. मी पुढं वीणेजवळ होतो. निरोप येईपर्यंत आणि गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. नाना गेले.

संध्याकाळी मुक्कामावर जो तो म्हणत होता, भाग्यवान माणूस, वारीत देह ठेवला, सोनं झालं. तेराव्याला मी त्यांच्या घरी गेलो. तिथंही आलेला-गेलेला हेच बोलत होता. नानांची कारभारीण कोपऱ्यात बसली होती. ती मला म्हणाली, "बुवा, सोनं झालं म्हनत्यात समदी. मला कुनी इचारलं का, तुला सोनं पायजे का नाना पायजे?"

मी इतकी वर्षं कीर्तन करतो. मरण आलं तर ते पंढरीच्या वाटेवर यावं, असं मलाही वाटतं. पण ज्याची घटका भरली तो गेला, ही एक गोष्ट. सावलीत नेऊन अंगावर दोन घागरी पाणी ओतलं असतं तर जो वाचला असता तो गेला, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीला पांडुरंगाचं नाव लावायचं नाही. ते मला पटत नाही, आणि शास्त्रालाही पटणार नाही. देव विटेवर का उभा आहे? पुंडलिक आई-बापांची सेवा करत होता. दारात देव आला तर त्यानं वीट फेकली आणि थांब म्हणाला. अठ्ठावीस युगं झाली, देव थांबलाच आहे. मग एका म्हाताऱ्यासाठी आपली दिंडी अर्धा तास थांबली तर देव रुसेल का? नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. यात्रा मोडली का त्यांची? (आता इथंच सांगून टाकतो. ते गाढव शुद्धीवर होतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. तीर्थ नाही, तुळशीपत्र नाही, काही नाही. ते पोटात जात नाही, श्वासनळीत जातं आणि माणूस गुदमरतो.)

नाना गेल्यावर पुढच्या वर्षी मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणलं, साहेब, आम्ही शेतकरी माणसं, औषध देणार नाही, सुई टोचणार नाही. तुम्ही येईपर्यंत आम्ही काय करावं आणि काय करू नये, एवढंच शिकवा. त्यांनी दोन दिवस दिले. पुढं दर वर्षी देतात. आज सांगतो ते सगळं त्यांचं. माझं त्यात काही असेल तर फक्त बडबड.

पहिलं उन्हाचं. चालताना डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे येतायत, घाम भरपूर आहे, अशा माणसाला सावलीत बसवा आणि मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पाजा, तो सावरतो. पण अंग भाजण्याइतकं गरम आणि बोलणं बरळल्यासारखं झालं की तो उष्माघात. मग घाम येत असो की नसो. तिथं गाडीची वाट बघत बसायचं नाही. सावलीत आडवं करा, अंगातले कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि चार जणांनी उपरण्यांनी वारा घाला. ओली फडकी मानेला, काखेत, जांघेत. गाडी येईपर्यंत हे थांबवायचं नाही, पाणी कमी पडलं तर स्वयंपाकाचं वापरा. बेसन एक दिवस उशिरा होईल.

आणि माय-माऊल्यांनो, जरा अवघड बोलतो, रागावू नका. ऊन तुम्हाला जास्त का लागतं? डोक्यावर तुळस असते म्हणून नाही. तुम्ही पाणी पीत नाही म्हणून. आणि पाणी का पीत नाही, तर वाटेत जायला आडोसा नसतो म्हणून. सकाळी निघताना घोटभर चहा, मग मुक्कामापर्यंत कोरडं. हे बायकांनी मला सांगितलं नाही, लाजतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी दिंडीच्या चालकांना दोन वर्षं विनवलं, आणि यंदा चार बांबू आणि कापडाच्या कनातीचे दोन जोड चालत्या दिंडीबरोबर राहणार आहेत, ट्रकमध्ये नाही. प्रत्येक विसाव्याला त्या उभ्या राहतील. आता पाणी प्या.

ट्रकवरून आठवलं. आपली औषधाची पेटी कुठं असते? सगळ्यांना माहीत आहे, ट्रकमध्ये. ट्रक कुठं असतो? पहाटे तंबू, भांडी भरून पुढच्या मुक्कामाला गेलेला. माणसं दिवसभर चालतात रस्त्यावर आणि पेटी असते पाच कोसांवर. पडणारा माणूस कधी मुक्कामावर पडत नाही, वाटेत पडतो. म्हणून डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती पेटी मोडली आणि खांद्याची झोळी केली. ही झोळी वीणेच्या मागच्या ओळीत चालते, दुसरी अगदी शेवटच्या म्हातारीच्या मागं. आत काय आहे तर ओआरएसची पुड्या-पाकिटं, साखर, स्वच्छ कापडाच्या घड्या, पट्ट्या, दोन कामट्या, कात्री, साबण, बॅटरी, थर्मामीटर, रबरी हातमोजे आणि डॉक्टरांनी सांगितलेली मोजकी औषधं. जखम झाकणारं मलम आहे. ताकदीच्या गोळ्या नाहीत, लाल-पिवळ्या कॅप्सूल नाहीत. त्या मागू नका, मिळणार नाहीत.

जुलाबाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण वारीचा जुना वैरी तोच. 1971 साली बांगलादेशातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. तिथं दिलीप महालनबीस नावाचे डॉक्टर होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, माणसं जमिनीवर ओळीनं पडलेली. त्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांची पूड मोजून पाण्यात कालवली, पिंपं भरून ठेवली आणि आजाऱ्यांच्या आईला, भावाला, बायकोला सांगितलं, तुम्हीच पाजा. शंभरातली तीस माणसं मरत होती तिथं मरण तीन-चारावर आलं. पाजणारे कोण होते? डॉक्टर नव्हते, नर्स नव्हत्या. तुमच्या-माझ्यासारखी माणसं होती. ही गोष्ट डॉक्टरांनी मला सांगितली त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या पंढरीच्या वाटेवर शंभर-दीडशे वर्षांमागं जी माणसं गेली, त्यातली किती तरी या एवढ्याशा पाण्यानं राहिली असती.

तर ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरला एक. ग्लासात अर्धी पुडी टाकायची नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटानं वरचा ढीग काढलेला. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चाखून बघा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्या. प्रत्येक जुलाबामागं ग्लासभर. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्यानं परत सुरू करा. लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, पाणी पोटात ठरतच नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर मग घरगुती काही नाही, दवाखाना.

शुगरवाल्यांनो, आता तुमच्याकडं वळतो. एका एकादशीला आपला एक गडी पावली खेळताना झोकांड्या द्यायला लागला. घामानं डबडबला, डोळे भिरभिरले. पुन्हा तेच, रंगात आला म्हणून लोक हात जोडायला लागले. त्याची सून होती मागं. ती टाळकऱ्यांच्या ओळी मोडून आत घुसली आणि त्याच्या तोंडात मूठभर साखर कोंबली. दहा मिनिटांत गडी म्हणतो, मी इथं कसा बसलो? सकाळी शुगरची गोळी घेतलेली आणि पोटात उपास. साखर एकदम खाली गेली होती. ती पोरगी शहाणी. पण तिला दोन बायांनी नंतर सुनावलं की सासऱ्याची एकादशी मोडलीस. मी म्हणलं, अगं बायांनो, साखर उपासाला चालते!

तेव्हा ज्याला इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू आहे, त्यानं निघायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, एवढं चालणार आहे आणि एकादशी आहे, तर गोळी किती घेऊ. मनानं कमी-जास्त करायची नाही. कमरेला गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी बांधायची. शुगरवाला घामाघूम झाला, थरथरला, बरळला, चिडला की आधी साखर, मग चौकशी. गिळता येत असेल तरच. बेशुद्ध असेल तर एका कुशीवर वळवा आणि गाडी.

फेपऱ्याचं लवकर सांगतो. कांदा नको, चप्पल नको, हातात किल्ली नको, दातांत चमचा नको, हातपाय दाबून धरणं नको. डोक्याखाली उपरणं, आजूबाजूचे दगड-टाळ बाजूला, झटका थांबला की कुशीवर. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर चाललं किंवा शुद्ध न येता परत आलं तर 108.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून जोरानं दाबायची आणि दाबूनच ठेवायची. थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. हळद, चहाची पूड, तंबाखू भरायची नाही. गाडीनं उडवलेल्या माणसाची मान-पाठ हलवायची नाही, रस्त्यात आणखी धोका असेल तरच उचलायचं. आणि पोलिसाच्या भीतीनं कोणी मागं सरकू नका. अपघातात मदत करणाऱ्याला अडकवायचं नाही असं 2019 साली मोटार वाहन कायद्यातच घातलं आहे. चंद्रभागेत कोणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्यानं उडी मारायची नाही. धोतर फेका, काठी द्या.

साप. हे मात्र नीट ऐका, कारण आपण शेताच्या कडेला जमिनीवर झोपतो. मण्यार रात्री हिंडतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात एवढे बारीक की चावल्याचं कळत नाही, खूण दिसत नाही, सूज नाही. पहाटे माणूस म्हणतो पोटात कळ येतीय, घसा धरलाय. मग पापण्या जड होतात, उघडता उघडत नाहीत, बोलणं दारू प्यायल्यासारखं होतं. लोक म्हणतात जागरण झालंय, झोपू द्या त्याला. झोपू द्यायचं नाही! तंबूत झोपलेला माणूस पहाटे असा दिसला तर साप पाहिलेला नसला तरी सापच समजून दवाखाना गाठायचा. पुढं श्वास बंद पडतो.

सापाचं कोणतंही चावणं असो, आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. बांगड्या, जोडवी, अंगठी, काळा दोरा काढून घ्या, नंतर सूज आली की निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय कामटी लावून मोडक्या हाडासारखा स्थिर करा, माणसाला चालवू नका. किती वाजता चावलं ते लिहा. साप मारून आणायची गरज नाही. विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात असतं. निघतानाच फोन करून विचारा, शिल्लक आहे का. देवऋष्याकडं नेलेली माणसं बरी होतात, असं मला दर वर्षी कोणी तरी सांगतं. होतात ना. बिनविषारी सापच गावात जास्त आहेत. तो चावलेला माणूस मंत्रानं काय, नुसत्या चहानंही बरा होतो. विंचवाचं म्हणाल तर नुसती आग असेल तर चालतं. पण लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार झाले तर ते हृदयावर जातं. त्यावर इलाज आहे. आपल्या महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावसकरांनी तो शोधण्यात उभी हयात घातली, 2022 साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. इलाज दवाखान्यात आहे, झोळीत नाही.

आता छातीचं. छातीत दाब, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात, गार घाम. गॅस झालाय म्हणून सोडा पिऊन चालायला लागू नका. एक पाऊल चालायचं नाही. टेकवून बसवायचं, 108 ला लावायचं, आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला द्यायची का, ते त्यांनाच फोनवर विचारायचं, कारण पोटातून रक्त जाणाऱ्याला ती चालत नाही. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली तर तो लकवा. त्याला गोळीही नाही आणि पाणीही नाही. साडेचार तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात गेला तर गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. कबुतराचं रक्त चोळण्यात ते तास घालवू नका.

आणि माणूस पडला, हाक मारून हलत नाही, श्वास नाही किंवा मधूनच माशासारखा आचका देतो, तर तो आचका म्हणजे श्वास नव्हे. पाठीवर सपाट जमिनीवर घ्या. छातीच्या मधोमध हाडावर तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपर ताठ. दोन इंच छाती दबली पाहिजे, दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची, आणि मिनिटाला 100 ते 120 वेळा. डॉक्टर म्हणाले, हा वेग लोकांच्या ध्यानात राहत नाही. मी म्हणलं, आमच्या राहील. पखवाजी बुवांना घड्याळ लावून बसवलं. पावली रंगात आल्यावर आपली लय जिथं चढते, तिथं ठोके 110 च्या आसपास पडतात. तो ठेका आपल्या लहान पोरांच्याही अंगात आहे. फक्त एक जण फार वेळ दाबू शकत नाही, दम लागतो आणि हात हलका पडतो. दोन मिनिटांनी दुसऱ्यानं घ्यायचं, मध्ये खंड न पडता, जशी वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते तशी. बरगडी मोडेल याची भीती बाळगू नका. गाडी येईपर्यंत चालू ठेवायचं. प्रत्येक वेळी माणूस परत येतोच असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

भजनाचं काय करायचं, असं मला विणेकरी बुवांनी विचारलं. भजन चालू राहील, वीणा खाली टेकणार नाही. पण माणूस पडला की चोपदार दंड उभा धरतील. दंड दिसला की पुढच्यांनी थांबायचं, रस्त्याची उजवी बाजू मोकळी करायची. झोळीवाले दोघं आजाऱ्याजवळ जातील, एक जण फोन करेल, एक जण फाट्यावर जाऊन गाडीला वाट दाखवायला उभा राहील. फोनवर "आम्ही वारीत आहोत" एवढंच सांगू नका, सगळा महाराष्ट्र वारीत असतो. मागचं गाव कोणतं, पुढचं कोणतं, दगडावर किलोमीटर किती, ते सांगा. बाकीच्यांनी बघायला वाकायचं नाही. आठ जणांनी हातात हात घालून आजाऱ्याकडं पाठ करून कडं करायचं, तोंड बाहेर. रिंगणात घोडा धावताना आपण तोंड आत करतो, इथं उलटं. आत वारा लागला पाहिजे, आणि म्हातारी असेल तर तिची अब्रूही झाकली पाहिजे.

शेवटचं एक राहिलं. वारीत आपण एकमेकाला काय म्हणतो? माऊली. गोड शब्द आहे. पण गेल्या साली एक बाई चक्कर येऊन पडल्या, दवाखान्यात केस पेपर काढायला नाव विचारलं, तर सोबत गेलेल्या तिघी म्हणाल्या, माऊली. चार दिवस शेजारी झोपत होत्या, एका ताटात जेवल्या होत्या, नाव कोणाला माहीत नाही. गाव माहीत नाही. कसल्या गोळ्या घेतात, काही माहीत नाही. डॉक्टर तरी काय करणार?

म्हणून यंदा प्रत्येकाच्या गळ्यात, माळेबरोबर, प्लास्टिकात बंद केलेली चिठ्ठी राहील. नाव, गाव, घरच्यांचा फोन, आजार, चालू गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते. रक्तगट माहीत असेल तर तोही. येत्या रविवारी सकाळी नऊला इथंच सभामंडपात दहावीची पोरं-पोरी वह्या घेऊन बसतील आणि लिहून देतील. त्याच दिवशी दहा वाजता डॉक्टर येणार आहेत. छाती दाबायला शिकवायला रबरी बाहुला आणणार आहेत. झोळीसाठी आठ माणसं लागतात, त्यातल्या चार बाया पाहिजेत. सध्या सहा नावं आली आहेत, बाया दोनच. उरलेली दोन नावं विणेकरी बुवांकडे आजच द्या. येताना आपापल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. रिकामी असली तरी आणा, नाव त्याच्यावरच असतं.

राम कृष्ण हरी!